गुजरीतल्या केरातलं सोनं धुवायला घरचा स्लुइस बॉक्स

गुजरीकर

मंडळी, आमचं घर सोनारकामाचं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खाली दुकान, माडीवर कारखाना. कानस मारताना, करवत चालवताना, साजाची पानं कापताना जो कीस पडतो, त्यातला बहुतेक खणात गोळा होतो आणि परत मुशीत जातो. उरलेला फरशीवर, चटईत, कारागिरांच्या कपड्यांत, हात धुण्याच्या बादलीत. हा केर पिंपात साठवायचा आणि वर्षाकाठी झारेकऱ्याच्या, म्हणजे केर धुऊन सोनं काढणाऱ्याच्या, हवाली करायचा, ही आमच्याकडची रीत. आमचे झारेकरी काका आता थकलेत. "तुम्हीच धुवा, मी शेजारी बसून सांगतो," असं त्यांनी स्वतःहून सुचवलं.

त्यांच्या लाकडी थाळीचा हात यायला वर्षं लागतात. म्हणून थाळीच्या आधीचं जाडं काम करायला मी स्लुइस बॉक्स बनवलाय. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिथे नदीकाठी लाकडी पाट मांडून वाळू धुवायचे, तीच युक्ती. फरक एवढाच की आपला पाट लहान आणि पाणी पंपाने फिरतं राहतं.

मापं अशी. लांबी ४ फूट, रुंदी ६ इंच, दोन्ही बाजूंच्या भिंती ५ इंच. १८ गेजचा अॅल्युमिनियमचा पत्रा उद्यमनगरात एका ठिकाणी बेंडिंग मशीनवर वाकवून घेतला. जोड कुठेच नाही, त्यामुळे फटीत सोनं अडकायची भीती नाही. सुरुवातीचे आठ इंच सपाट, त्यावर नुसती बारीक रेघांची काळी रबरी मॅट. केर इथे पसरतो आणि जाडा कीस असला तर काळ्यावर पिवळा लगेच दिसतो. पुढे तळाला लोकरीसारखी लव असलेलं कार्पेट, त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं असलेली एक्स्पांडेड जाळी आणि तिच्यावर अर्ध्या इंचाच्या आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत दीड इंच अंतर. पट्ट्यांची चौकट विंग नटांनी दाबून बसते, म्हणजे धुणं झालं की सगळं सुटं करता येतं.

उतार फुटाला एक इंच. हे सुरुवातीचं माप समजा, पुढे कमीजास्त करावं लागतं.

पट्टीमागे काय होतं ते समजलं की बाकी सगळं जमतं. पाणी पट्टीवरून उडी घेतं आणि तिच्या पाठीमागे आडवा भोवरा तयार होतो. भोवऱ्यात हलकी माती वर उचलली जाऊन पुढे जाते, जड कण खाली बसतात. पाणी कमी पडलं तर पट्ट्यांमधली जागा मातीने गच्च भरते, भोवरा मरतो आणि सोनं त्या भरल्या मातीवरून सरळ निघून जातं. पाणी जास्त झालं तर बसलेलंही उपसून निघतं. प्रत्येक पट्टीमागे जड मातीची चंद्रकोर दिसली पाहिजे आणि ती सतत थरथरत राहिली पाहिजे. तेवढं दिसलं की पंपाला हात लावायचा नाही.

कुणी असं काही केलं असेल तर अनुभव लिहा. कार्पेट आणि चाळण्यांबद्दल विशेष ऐकायचं आहे.

प्रयागकाठ

भावा, नाद खुळा काम! माझा एकच सवाल. आमच्या चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या येऊन पंचगंगा होत्या. पूर ओसरला की काठाला काळी कुळकुळीत रेती बसत्या, लई जड. काळी रेती असली की सोनं असतंय असं व्हिडिओत सांगत्यात. हा पाट नदीवर लावला तर घावंल का काय?

कातळ

@प्रयागकाठ, नाही मिळणार. का नाही, ते सांगतो.

आपल्या या नद्या सह्याद्रीत उगवतात आणि जवळपास सगळा प्रवास दख्खनच्या काळ्या कातळावरून करतात. हा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात धुऊन काढावं असं सोनं नाही. तुम्ही पाहिलेली काळी रेती म्हणजे याच कातळातून सुटलेलं मॅग्नेटाइट आणि टायटॅनियम असलेलं लोहखनिज. चुंबक फिरवा, बरीचशी चिकटेल. जिथे मुळात सोनं असतं तिथे ते काळ्या रेतीबरोबर बसतं, कारण दोन्ही जड. पण रेती आहे म्हणून सोनं आहे, असं उलटं होत नाही.

कर्नाटकातलं सोनं धारवाडी खडकांतलं, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या पट्ट्यांतलं, गारगोटीच्या शिरांमध्ये. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. कोलारची तीन किलोमीटरहून खोल गेलेली खाण २००१ मध्ये बंद झाली. तिकडचं पाणी आपल्याकडे येत नाही, आपलंच कृष्णेतून रायचूरकडे जातं. नदीतलं सोनं धुणारी मंडळी पाहायची असतील तर झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी जावं लागेल.

कोर्टकचेरी

कातळ यांच्या उत्तराला कायद्याची जोड देतो, कारण हा धागा वाचून कुणी पाट घेऊन नदीवर निघेल.

खाण आणि खनिजांबद्दलचा केंद्राचा कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार परवान्याशिवाय कुणालाही खनिजाचा शोध घेता येत नाही आणि ते काढताही येत नाही. सोनं त्यात येतंच. "हौस म्हणून केलं" ही सबब चालत नाही. नदीची वाळू हे गौण खनिज, तिचा परवाना महसूल खात्याकडे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी हौशी माणसाला सोनं धुवायला मुभा असते, व्हिडिओ तिथले असतात. गुजरीकर स्वतःच्या कारखान्याचा केर धुताहेत, त्याचा या कायद्याशी संबंध नाही.

प्रयागकाठ

समजलं दादा. नदीचा नाद सोडला. पण माझा मेहुणा हुपरीला चांदीचं काम करतोय, त्याला हा धागा दाखवतो.

लेथवाला

गुजरीकर, पत्र्याचं काम चांगलं झालंय. पट्ट्यांबद्दल बोलतो, तो माझा विषय. तुम्ही सरळ उभी पट्टी लावली आहे का? उभ्या पट्टीमागे भोवरा होतो, पण उथळ. पट्टीचा वरचा काठ पाणी जातं त्या दिशेला वळवून छोटा ओठ काढा आणि पट्टी त्याच बाजूला दहा-पंधरा अंश कलती ठेवा. ओठाखाली भोवऱ्याला घर मिळतं. हंगेरियन रिफल म्हणतात ती हीच. नवीन लोक ओठ पाण्याच्या तोंडाकडे करून बसवतात, मग पट्टीपुढे माती तटते आणि मागे काही राहत नाही. उघडी बाजू नेहमी उताराकडे.

आणि अर्धा इंच उंची तुमच्या केराला जास्त वाटते. नदीत गोटे असतात, तुमच्याकडे सगळं चाळलेलं. पाव इंचाच्या पट्ट्या करून पाहा, अंतर इंचाला आणा.

गुजरीकर

@लेथवाला, पट्ट्या उभ्याच आहेत. ओठाचं पटलं. पाव इंचाची दुसरी चौकट करून घेतो. विंग नटांमुळे बदलणं सोपं आहे.

विट्याचा गलाईवाला

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली निम्मी घरं देशभर गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, आहेत, मीही त्यातलाच. तुमचा माल शेवटी आमच्यासारख्याच्याच भट्टीवर येणार, म्हणून चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पाटाच्या मापांपेक्षा या जास्त महत्त्वाच्या आहेत.

केर कधीही तसाच पाण्यात घालू नका. त्यात लाख असते, मेण असतं, बफिंगचा तेलकट मसाला असतो, केस आणि कापसाचे तंतू असतात. तेल लागलेला सोन्याचा बारीक कीस पाण्यावर तरंगतो. सोनं कितीही जड असलं तरी कीस पातळ, चपटा आणि तेलकट असला की पाण्याचा पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो आणि तो पाटाच्या दुसऱ्या टोकातून जातो. म्हणून आधी लोखंडी कढईत मोकळ्यावर जाळायचं, तोंडाला चांगला मास्क लावून, पार राख होईपर्यंत. मग राख खलात कुटायची. डाग देताना, म्हणजे दागिन्याचे जोड सांधताना, टाकणखाराचे काचेसारखे मणी होतात, त्यांच्या पोटात सोनं अडकलेलं असतं, ते फुटलेच पाहिजेत. मग चुंबक. कानशीचा आणि करवतीच्या तुटक्या पात्यांचा लोखंडी चुरा निघून जाईल. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे पिशवी काढली की चुरा आपोआप गळतो. निघालेला चुरा दुसऱ्या परातीत पसरून पुन्हा एकदा चुंबक फिरवा, लोखंडाबरोबर सोनं ओढलं जातं.

आणि धुण्याच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब. जास्त नको, फेस झाला की कीस फेसावर बसतो.

कातळ

गलाईवाल्यांनी लिहिलं ते खरं मर्म. चाळणीबद्दल विचारलं होतं, त्याचं गणित मांडतो, कारण लोक "बारीक चाळा" एवढंच सांगतात आणि किती बारीक ते सांगत नाहीत.

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, गारगोटीच्या वाळूची २.६५ पट. पाण्यात दोघांचंही वजन पाण्याच्या हिशेबाने घटतं, म्हणून खरी तुलना १८.३ ला १.६५. म्हणजे सुमारे अकरा पट. पाट चालतो तो या अकरा पटीवर. पण कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकारावरही अवलंबून असतं. मोठ्या कणांत अकरापट मोठा वाळूचा खडा आणि लहान सोन्याचा कण एकाच वेगाने बसतात. अगदी बारीक पुडीत ही सवलत घटते, तिथे साधारण ३.३ पट मोठा वाळूचा कण सोन्याच्या कणाच्या बरोबरीने बसतो. तुमचा केर त्या बारीक टोकाजवळचा. याचा अर्थ असा की पाटावर एका वेळी जाणाऱ्या मालात सगळ्यात मोठा कण सगळ्यात लहान कणाच्या तिपटीहून मोठा असता कामा नये. सुपात एकदम गहू, तांदूळ आणि कोंडा घालून पाखडलं तर जे होतं, तेच न चाळलेल्या केराचं होतं.

तर चाळण्या अशा घ्या: २० मेश, म्हणजे भोक ०.८४ मिलिमीटर. ४० मेश, ०.४२. ८० मेश, ०.१८ च्या आसपास. २० च्या वर राहिलेलं हातानेच निवडा, त्यात जाडे तुकडे दिसतात. २० आणि ४० च्या मधलं वेगळं धुवा, ४० आणि ८० च्या मधलं वेगळं. प्रत्येक वेळी पाणी वेगळं लागेल, बारकाईला कमी. ८० च्या खालचं पाटावर घालूच नये असं माझं मत. ते थाळीचं काम.

मात्र हे गणित गोल कणांचं. कानशीचा कीस चपटा असतो, तो सावकाश बसतो. म्हणून सवलत अजून कमीच धरा. २२ कॅरटची घनताही शुद्ध सोन्यापेक्षा थोडी उतरते, १८ कॅरटची आणखी.

हुपरीकर

आमच्या पाव्हण्यांनी हा धागा दाखवला. चांदीला हा पाट चालेल का? आमच्याकडे पैंजणांचं काम, केर भरपूर.

कातळ

@हुपरीकर, चांदीची घनता १०.५. तोच हिशेब लावला तर ९.५ ला १.६५, म्हणजे पावणेसहा पट. चालेल, पण चूक पोटात घालण्याची ताकद निम्मी. उतार फुटाला पाऊण इंच ठेवून सुरू करा, चाळण्या अजून जवळजवळच्या घ्या. पितळ आणि तांब्याचा चुरा मात्र चांदीपासून पाटावर सुटणार नाही, ते वजनाने फार जवळ आहेत. त्याला भट्टीच.

घोंगडीवाला

कार्पेटबद्दल विचारलं म्हणून लिहितो. आम्ही घोंगडी विणणारे. बाजारातलं कार्पेट नायलॉनचं असतं, त्याऐवजी धनगरी लोकरीच्या घोंगडीचा तुकडा लावून बघा. युरोपच्या टोकाला जॉर्जिया देशात स्वानेती नावाचा डोंगरी भाग आहे, तिथे ओढ्यात मेंढीचं कातडं लोकरीसकट आडवं टाकून सोनं धरायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या गिरण्यांत कुटलेल्या खडकाचा चिखल घोंगड्यांवरून सोडायचे, बारीक सोनं त्यात अडकायचं. म्हणजे लोकरीला हे काम नवीन नाही.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, म्हणून ती खरखरीत. बारीक कण तिथे टेकतो. पण नवीन घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती कोमट पाण्यात भिजवून, चुरगाळून पूर्ण काढा, नाहीतर लव चिकटून बसलेली असते आणि काही धरत नाही. विरळ विणीची घ्या, घट्ट नको. लव पाण्याच्या दिशेने झोपेल अशी घाला.

आणखी एक फायदा. घोंगडी जुनी झाली की धुऊन जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि मग जाळायची. राखेत राहिलेलं सोनं मिळतं. नायलॉन जाळलं तर वास, धूर आणि चिकट गोळा.

गुजरीकर

घोंगडीची कल्पना काकांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच मान डोलावली. त्यांच्या वडिलांच्या काळी थाळीतला गाळ कांबळ्यावर ओतायचे, असं त्यांनी सांगितलं. खालच्या अर्ध्या भागात घोंगडी आणि वरच्या अर्ध्या भागात कार्पेट असं करतोय.

पाण्याबद्दल. ६ इंच रुंदीला मिनिटाला साधारण ४० ते ७५ लिटर पाणी लागतं. कूलरचा पंप इथे पुरत नाही. अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा पंप घेतला, मध्ये व्हॉल्व्ह टाकला. मोजायला वीस लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं: बादली वीस ते तीस सेकंदांत भरली की ४० ते ६० लिटर. पाटाचं शेवटचं टोक एका घमेल्यात, घमेलं पहिल्या पिंपात. पहिलं पिंप भरून वाहतं ते दुसऱ्यात, पंप दुसऱ्यात. असं केलं नाही तर पंपच वाळू खातो.

रंकाळ्यावरची

दादा, दोन शंका. एक, ओल्या फरशीवर पंप चालतोय, अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच आहे ना? दोन, आमच्या ओळखीत कुणीतरी सांगितलं की पारा टाकला की बारीक सोनं सगळं धरलं जातं. तुम्ही पारा वापरणार नाही अशी आशा करते.

गुजरीकर

@रंकाळ्यावरची ताई, स्विच आहे आणि पंपाची वायर वरून टांगून आणली आहे. पारा घरात येणारही नाही.

विट्याचा गलाईवाला

ताईंनी पाऱ्याचा विषय काढला ते फार चांगलं झालं. पारा सोन्याला धरतो हे खरं, म्हणूनच शेकडो वर्षं वापरला. पण नंतर तो तापवून उडवावा लागतो, ३५७ अंशांना उकळतो आणि वाफ डोळ्यांना दिसत नाही, वासही नाही. ती थेट मेंदूवर आणि मूत्रपिंडावर जाते. माडीवरच्या बंद खोलीत, खाली दुकान आणि शेजारी घरं असताना हा विचारसुद्धा करू नये. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी मिनामाता करार २०१७ पासून लागू झालाय आणि आपल्या देशाने २०१८ मध्ये तो मान्य केलाय. तेजाबाचंही तेच, धूर ओढून घेणारी सोय असलेल्या ठिकाणीच. घरी पाणी, चुंबक, थाळी. पुढचं भट्टीवाल्यावर सोपवा.

प्रयागकाठ

आणि ते काळं पाणी गटारात सोडू नका दादा. गटारं शेवटी पंचगंगेतच येत्यात, खाली आम्ही आणि इचलकरंजीपातुर सगळी गावं तेच पाणी बघत्यात.

गुजरीकर

अगदी बरोबर. आणि ते पाणी सोडणं म्हणजे सोनंही सोडणं. सगळ्यात बारीक पूड पाण्यात लोंबकळत राहते. दुसऱ्या पिंपात तुरटी फिरवून रात्रभर ठेवतो. सकाळी वर स्वच्छ पाणी, तळाला गुळगुळीत गाळ. पाणी पुन्हा पुढच्या धुण्याला, गाळ कोरडा करून वेगळ्या डब्यात. हा गाळ काकांनी कधी टाकू दिला नाही. त्यांचं म्हणणं, चांगल्या सोनाराच्या केरापेक्षा झारेकऱ्याच्या गाळावर त्यांच्या घरची जास्त दिवाळी झाली. मी आज ज्याला पाटाचं शास्त्र म्हणतोय ते त्यांच्या हातात आयुष्यभर होतं आणि गुजरीतल्या कुणीही ते लिहून ठेवलं नाही, म्हणून हा धागा मला इतका महत्त्वाचा वाटतो.

लेथवाला

पाट बरोबर लागलाय की नाही ते सोनं घालण्याआधी तपासायची सोपी रीत आहे. माझ्याकडे लेथखाली पितळेचा चुरा पडतो, पाहिजे तेवढा न्या. पितळेची घनता साडेआठ. तुमच्याच चाळण्यांतून चाळून, जाळून तेल काढून, वजन करून नुसत्या वाळूत मिसळा आणि पाटावरून सोडा. पितळ पहिल्या फुटात थांबलं तर सोनं थांबणारच. शेवटच्या पट्ट्यांत पितळ दिसलं तर आधी पाणी कमी करा, मग उतार. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि पाटाला आडवी पातळी लावून बघा. एक बाजू जरा जरी खाली असली तरी पाणी तिकडून पळतं आणि दुसऱ्या बाजूची माती गच्च होते.

हुपरीकर

पाट उघडून सोनं काढायचं कधी? प्रत्येक पाटीनंतर की दिवसाच्या शेवटी?

गुजरीकर

@हुपरीकर, घड्याळावर नाही, पट्ट्यांकडे बघून. काळी चंद्रकोर दोन पट्ट्यांमधल्या अर्ध्या जागेपर्यंत आली की थांबायचं. आधी केर घालणं बंद, मग वरून नुसतं स्वच्छ पाणी थोडा वेळ, म्हणजे हलकी माती निघून जाते. पंप हळूहळू कमी करत बंद करायचा, खटकन नाही. खाली रुंद घमेलं ठेवून विंग नट सोडायचे, पट्ट्या आणि जाळी घमेल्यातच धुवायची, कार्पेट आणि घोंगडी उलटी करून पाण्यात आपटून घ्यायची. वरचा एक फूट आणि खालचे तीन फूट यांचा माल वेगळ्या भांड्यांत ठेवा. वरच्यात बहुतेक सगळं असतं, थाळीवर ते आधी घ्या. खालच्यात काय आलं ते बघून पुढच्या वेळचं पाणी ठरतं.

पाव इंचाच्या पट्ट्या आल्या की पितळेची चाचणी घेऊन दोन्ही चौकटींचा फरक इथे लिहितो. @लेथवाला, चुरा घ्यायला उद्या संध्याकाळी येतो.